त्यांना कळतं का? : ‘गणेश व्हर्सेस द थर्ड राइश’ या नाटकाचं प्रकरण

बौद्धिक दिव्यांग प्रौढांबरोबर नाटक बसवते असं कुणाला सांगितलं, की समोरून ठरलेला प्रश्न येतो, ‘पण त्यांना कळतं का?’ पालक विचारतात, कार्यशाळेचे, म्हणजे ही माणसं जिथे दिवसभर काम करतात त्या संस्थेचे, विश्वस्त विचारतात. प्रयोग संपल्यावर चहाच्या टेबलापाशी पाहुणे आवाज खाली आणून विचारतात. बरीच वर्षं माझ्याकडे याचं तयार उत्तर होतं, ‘सगळं नाही, पण पुष्कळ कळतं.’ ऐकणाऱ्याचं समाधान व्हायचं, माझंही व्हायचं. हे उत्तर द्यायचं मी सोडलं ते ऑस्ट्रेलियातल्या एका नाटकाचा अभ्यास करताना. त्या नाटकाने हाच प्रश्न रंगमंचावर आणून ठेवला, आणि ज्याच्याबद्दल तो विचारला जातो त्या नटाच्या देखत विचारला.

नाटकात गणपती आहे, म्हणून मराठी वाचकाला त्याचं कुतूहल वाटेल. मी मात्र ते निवडलं आहे त्यातल्या दिग्दर्शकासाठी. आमच्यासारख्या, या माणसांबरोबर काम करणाऱ्या सगळ्यांना त्या पात्रात स्वतःचा चेहरा दिसतो, आणि तो बघवत नाही.

जिलाँगची मंडळी

मेलबर्नहून नैऋत्येला साधारण ७५ किलोमीटरवर जिलाँग हे बंदराचं शहर आहे. आधी लोकरीचा व्यापार आणि मग फोर्डचा मोटार कारखाना यांवर जगलेलं, कष्टकऱ्यांचं. तिथे १९८७ साली बॅक टू बॅक थिएटर सुरू झालं. बौद्धिक दिव्यांगांना मोठमोठ्या वसतिसंस्थांत आयुष्यभर ठेवण्याऐवजी चारचौघांसारखं वस्तीत राहू द्यावं, हा विचार तेव्हा तिकडे मूळ धरत होता. वस्तीत आलेल्या माणसाने दिवसभर करायचं काय, हा त्याच्या पाठोपाठचा प्रश्न. आपल्याकडे त्याचं उत्तर पणत्या रंगवणं, कागदी पिशव्या, उदबत्त्या, फायली असं असतं; तिकडे पॅकिंग आणि जुळवाजुळवीची कामं. जिलाँगमधले काहीजण नाटकाकडे वळले आणि तिथे टिकले. १९९९ पासून ब्रूस ग्लॅडविन या कंपनीचे कलादिग्दर्शक आहेत.

या कंपनीच्या दोन गोष्टी आधी सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांवर उभं आहे. एक म्हणजे इथले नट पगारी आहेत. तालमीला येतात म्हणजे कामावर येतात. दुसरी गोष्ट भाषेची. कंपनी आपल्या नटांचं निदान सांगत नाही. ‘ज्यांना बौद्धिक दिव्यांगत्व आहे असं समजलं जातं’ अशा अर्थाचे शब्द ती स्वतःची ओळख करून देताना वापरते. ‘समजलं जातं’ म्हटलं की लगेच पुढे येतं, कोण समजतं? म्हणून मीही या लेखात एकाही नटाचं निदान लिहिणार नाही. वाचताना ते कळावं असं वाटलंच, तर का वाटलं याचा क्षणभर विचार करावा अशी विनंती आहे.

त्यांचं आधीचं एक नाटक मला फार महत्त्वाचं वाटतं. २००५ साली मेलबर्नच्या फ्लिंडर्स स्ट्रीट रेल्वे स्टेशनात त्यांनी ‘स्मॉल मेटल ऑब्जेक्ट्स’चे प्रयोग केले. प्रेक्षक एका बाजूला बाकड्यांवर, कानाला हेडफोन. नट कुठे आहेत तेच आधी कळत नाही, कारण ते गाडी पकडायला धावणाऱ्या गर्दीत मिसळलेले. दोन मित्रांचं हळू आवाजातलं, थांबत थांबत चाललेलं बोलणं मात्र थेट कानात येतं. आता आपल्या स्नेहसंमेलनाची तालीम आठवा. ‘मोठ्याने बोल रे, मागे ऐकू जात नाही!’ हे वाक्य मी स्वतः हजारदा ओरडले असेन. आवाज बारीक आहे, उच्चार अस्पष्ट आहे, म्हणून आपण संवाद काढून घेतो आणि त्या माणसाला झाड करतो. जिलाँगच्या मंडळींनी नटाचा आवाज वाढवायच्या फंदात न पडता प्रेक्षकाचा कान जवळ आणला.

नाट्योपचार आणि नाटक यांची गल्लत इथे बाजूला ठेवते. नाट्योपचारात माणूस हा हेतू असतो आणि नाटक साधन. खोलीचं दार बंद असतं, बघणारं कुणी नसतं, आत घडलेलं आत राहतं. भूमिका अंगावर चढवली तशी सत्र संपताना ती रीतसर उतरवावी लागते. नाटकाच्या धंद्यात प्रेक्षक तिकीट काढून आलेला असतो आणि त्याला प्रयोग चांगला हवा असतो. बॅक टू बॅक ही दुसऱ्या जातीची कंपनी आहे, उपचार करतो असा दावा ती करत नाही. तरी नाट्योपचाराचं काम करणाऱ्यांनी हे प्रकरण बारकाईने बघावं असं मला वाटतं, कारण भूमिका आणि खरं जगणं यांत किती अंतर ठेवायचं आणि ते कुणी ठरवायचं, हा आपला रोजचा पेच त्यात आहे.

गणपती जर्मनीला निघतो

‘गणेश व्हर्सेस द थर्ड राइश’चा (थर्ड राइश म्हणजे हिटलरची जर्मनी) पहिला प्रयोग २०११ साली मेलबर्न महोत्सवात, माल्टहाउस थिएटरमध्ये झाला. ब्रायन टिली, सायमन लाहर्टी, स्कॉट प्राइस आणि मार्क डीन्स हे कंपनीचे चार नट, आणि बाहेरून आलेले पाचवे, डेव्हिड वुड्स. वुड्स दिव्यांग नाहीत.

नाटकाला दोन पदर आहेत. पहिला कथेचा. १९२० साली नाझी पक्षाने स्वस्तिक आपलं चिन्ह म्हणून उचललं. ते परत आणायला गणपती निघतो आणि दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनीत पोचतो. वाटेत त्याला लेव्ही नावाचा ज्यू कैदी भेटतो, आणि योसेफ मेंगेले भेटतो. मेंगेले हा आउशविट्झच्या छळछावणीतला डॉक्टर, जो जुळ्या आणि बुटक्या माणसांवर प्रयोग करायचा. पारदर्शक प्लास्टिकचे मोठमोठे पडदे नट स्वतः ओढतात, एकापुढे एक. त्यांवर रंगवलेलं जंगल, आगगाडी. मागे दिवा लागला की सावल्या उमटतात आणि हत्तीच्या मस्तकाचा देव त्या धुरकट पडद्यांमधून चालत जातो. रंगमंचावर इतकी सुंदर दृश्यं क्वचितच बघायला मिळतात.

दुसरा पदर तालमीचा. पडदे बाजूला होतात, ट्यूबलाइटसारखा रोखठोक उजेड येतो, आणि तेच पाचजण आपल्या खऱ्या नावांनी टेबलाभोवती बसून भांडू लागतात. ही गोष्ट सांगायचा आपल्याला काय अधिकार? आपण हिंदू नाही, ज्यू नाही. लेव्ही कुणी व्हायचं? डेव्हिड इथे दिग्दर्शक आहे. सुरुवातीला अगदी गोड, सगळ्यांना शाबासकी देणारा. हळूहळू त्याचा सूर बदलत जातो.

बघणाऱ्याला हे भांडण खरं चाललंय की लिहिलेलं आहे, ते कळत नाही. ते लिहिलेलं आहे, रोज तसंच होतं. पण त्याचे शब्द तालमीतल्या खऱ्या गप्पांमधून, उत्स्फूर्त प्रसंगांमधून आले आहेत. या कंपनीची संहिता अशीच तयार होते. नट बोलतात, ते नोंदवून ठेवलं जातं, त्यातून वेचलं जातं. याला महिने लागतात, कधी वर्षंही.

महोत्सवात नाटक होणार असं जाहीर झाल्यावर काही हिंदू प्रतिनिधींनी आक्षेप घेतला. देव असा नाझींच्या गोष्टीत कसा? माझी प्रतिक्रिया वेगळी होती, आणि ती मराठी रंगभूमीच्या सवयीतून आलेली असावी. आपल्याकडे गणपती रंगमंचावर येतच असतो. तमाशा गणाने सुरू होतो. कोकणातल्या दशावतारात सोंडेचा मुखवटा घातलेला नट लोकांसमोर येऊन बसतो. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाची सुरुवात केली, तेव्हा त्यांच्या खेळांतही सूत्रधाराच्या हाकेला गणपती येई.

शिवाय हा देव कोण आहे बघा. बापाच्या रागात मस्तक गमावलेला आणि वेगळ्याच प्राण्याचं मस्तक घेऊन जगलेला मुलगा. त्याला आपण वक्रतुंड, एकदंत, लंबोदर म्हणून हाका मारतो. शरीरात जे चारचौघांसारखं नाही त्याचीच नावं केली, आणि ती नावं घेताना हात जोडले. ज्यांच्या चालण्याबोलण्याकडे रस्त्यावर लोक वळून बघतात अशा नटांनी नायक म्हणून हाच देव घेतला, याचं मला नवल वाटत नाही.

पेच नेमका कुठे आहे

नाझींच्या गोष्टीवर या नटांचा एक हक्क आहे. १४ जुलै १९३३ ला नाझी सरकारने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. त्याखाली सुमारे ४ लाख लोकांची नसबंदी झाली, आणि ‘जन्मजात मंदबुद्धी’ हे त्यातलं सर्वांत जास्त वापरलं गेलेलं कारण होतं. १९३९ च्या ऑक्टोबरमध्ये हिटलरने एका कागदावर सही केली आणि तारीख मागची, १ सप्टेंबरची घातली. त्यातून टी-४ नावाने ओळखली जाणारी मोहीम सुरू झाली. जानेवारी १९४० ते ऑगस्ट १९४१ या काळात सहा केंद्रांतल्या विषारी वायूच्या खोल्यांमध्ये सुमारे ७० हजार मनोरुग्ण आणि दिव्यांगांना मारण्यात आलं. हादामार, हार्टहाइम ही त्यांतली दोन नावं. मोहीम उघडपणे थांबल्यावरही उपासमार करून, औषधं टोचून मारणं चालूच राहिलं. ज्यूंच्या संहारछावण्या उभारल्या तेव्हा इथलं तंत्र आणि इथली माणसं तिकडे वापरली गेली.

म्हणजे मार्क, सायमन, स्कॉट, ब्रायन त्या काळात जर्मनीत असते तर त्यांची नावं कुठल्या यादीत गेली असती, हे सांगायला नको. आणि नाटकात मेंगेले कोण करतो? डेव्हिड. तोच दिग्दर्शक, तोच डॉक्टर. पाच नटांमधला एकटा ‘धडधाकट’ माणूस दोन्ही पदरांत दुसऱ्यांच्या शरीरांचा ताबा घेणारा आहे. नाटक या योगायोगावर बोट ठेवत नाही, नुसतं दाखवत राहतं.

ग्लॅडविन यांनी मुलाखतींतून सांगितलं आहे, की ही गोष्ट हाताळायचा नैतिक अधिकार आपल्याला नाही असं मंडळींना वाटू लागलं होतं आणि ती सोडून द्यावी इथपर्यंत विचार गेला होता. मग आपण आपल्यालाच का गप्प करतोय, याचीच चर्चा नाटकात आली. मला या प्रकरणातला हा सर्वांत शिकण्यासारखा निर्णय वाटतो. आपल्याकडे असा पेच आला की आपण विषय बदलतो. मृत्यू नको, लग्न नको, मारामारी तर नकोच. पाणी वाचवा, झाडे लावा. चाळीस वर्षांच्या माणसांना आपण आयुष्यभर सहावीच्या धड्यांत ठेवतो, कारण ती आपली ‘मुलं’ आहेत. आमच्या क्षेत्रात हा शब्द सर्रास चालतो. केस पांढरे झालेल्या गृहस्थांनाही ‘आमची मुलं’ म्हटलं जातं, आणि म्हणणाऱ्याच्या मनात मायाच असते.

प्रश्न विचारला जातो तो प्रसंग

तालमीच्या पदरात एका ठिकाणी मार्क डीन्सबद्दल बोलणं निघतं. मार्क या कंपनीतले जुने नट. ते कमी बोलतात. सहकाऱ्यांमधला एकजण शंका काढतो, की मार्कला गोष्ट आणि खरं यांतला फरक कळतो का? त्याला हे नाझी वगैरे खरंच वाटलं तर? वाद वाढतो. मार्क तिथेच आहेत. सगळे त्यांच्याबद्दल बोलताहेत, त्यांच्याशी कुणी बोलत नाही.

मी हा प्रसंग किती वेळा जगले आहे! मासिक पालकसभेत आई शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या मुलीबद्दल मला सांगते, ‘हिला पैशातलं काही कळत नाही हो.’ मुलगी एकोणतीस वर्षांची, खाली मान घालून ओढणीच्या टोकाला पीळ देत बसलेली. मीही मान डोलावते आणि वहीत लिहून घेते. मुलीला काय वाटलं, हे विचारायचं मला सुचलेलं नसतं.

नाटकात हा प्रसंग बघताना प्रेक्षक आधी मार्कच्या चेहऱ्याकडे बघतात. कळतंय का याचा पुरावा शोधतात. आणि मग लक्षात येतं की आपण तपासणी करतोय. नट अभिनय करतो आहे, रोज रात्री ठरलेल्या जागी ठरलेलं करतो आहे, टाळी घेऊन उद्या परत येणार आहे. त्याला गोष्ट आणि खरं यांतला फरक कळत नसता तर हे नाटक उभंच राहिलं नसतं. फरक न कळून गोंधळलेले आपण आहोत. खुर्चीत बसून ‘हे खरं आहे का’ असं आपणच विचारत असतो.

त्यानंतर दिग्दर्शक अधिकाधिक बिथरत जातो. रिकाम्या प्रेक्षागृहाकडे, म्हणजे आपल्याकडे हात करून म्हणतो, की ही माणसं इथे प्राणिसंग्रहालय बघायला आली आहेत. (त्याचे मूळ शब्द याहून घाण आहेत.) स्कॉटशी त्याची झटापट होते. तालीम मोडते. बाकीचे निघून जातात. मागे उरतात डेव्हिड आणि मार्क. डेव्हिड म्हणतो, चल, लपाछपी खेळू. मार्क टेबलाखाली लपतात. डेव्हिड आकडे मोजतो, आणि मोजता मोजता निघून जातो. मार्क टेबलाखाली बसून आहेत. कुणीतरी शोधायला येईल म्हणून.

नाटक इथे संपतं.

या शेवटावर मी पुष्कळ विचार केला आहे आणि माझं मन अजून पूर्ण मानत नाही. प्रेक्षकाला हलवून सोडायला सगळ्यात कमी बोलणाऱ्या नटाला एकटं टाकायचं, हे त्या दिग्दर्शकाच्या वागण्याच्या फार जवळ जातं. कंपनीच्या बाजूने असं म्हणता येईल की नाटक रचणाऱ्यांच्या यादीत मार्क यांचंही नाव आहे, आणि शेवटची निर्विवाद जागा, रंगमंचाचा एकट्याचा ताबा, त्यांना दिला आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण संहितेला अखेरचा आकार देणारा हात ग्लॅडविन यांचा आहे आणि ते स्वतः दिव्यांग नाहीत, ही गोष्टही तितकीच खरी. नाटकाने हे लपवलेलं नाही, डेव्हिडचं पात्र म्हणजे त्याचीच कबुली आहे. तरी कबुली दिली म्हणून सत्ता जात नाही.

पुढच्याच वर्षी, २०१२ साली, झुरिकच्या थिएटर होरा या कंपनीबरोबर फ्रेंच नृत्यदिग्दर्शक जेरोम बेल यांनी ‘डिसेबल्ड थिएटर’ केलं. तिथे नट एकेक करून पुढे येतात, नाव सांगतात, आपल्याला काय आहे ते सांगतात, मग नाचतात. त्यातल्या युलिया हॉयझरमान यांना २०१३ साली बर्लिनमध्ये आल्फ्रेड केर अभिनय पुरस्कार मिळाला, आणि जर्मन नाट्यजगतात मोठी चर्चा झाली. मला ते काम आवडतं. पण तिथे प्रश्न विचारणारा अदृश्य राहतो. जिलाँगच्या नाटकात प्रश्न विचारणाऱ्याला रंगमंचावर उभं केलं, घाम फुटेपर्यंत. दोघांतला फरक मला इथे दिसतो, आणि माझा कौल जिलाँगकडे आहे.

संमती आणि आपला कायदा

‘पण संमतीचं काय?’ हा पुढचा रास्त प्रश्न. नाझी डॉक्टरच्या हाती सापडलेल्या कैद्याची भूमिका करायला एखाद्या बौद्धिक दिव्यांग नटाने हो म्हटलं, तर ते हो किती खरं?

आपल्याकडे माणूस १८ वर्षांचा झाला की पालक राष्ट्रीय न्यासाच्या १९९९ च्या कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करतात आणि कायदेशीर पालकत्वाचं पत्र मिळवतात. बँक, पेन्शन, मालमत्ता यांसाठी ते मागितलं जातं. पण त्या कागदाची सावली सगळ्यावर पडते. नाटकात काम करायचं की नाही, हेही पालकाच्या सहीवर ठरतं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मर्यादित पालकत्व आणलं. निर्णय दोघांनी मिळून, एकमेकांवरच्या विश्वासाने घ्यायचा, असं त्यात म्हटलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कांच्या करारात (भारताने तो २००७ साली मान्य केला) तिसाव्या कलमात दिव्यांगांच्या सर्जनशीलतेबद्दल लिहिलं आहे, की तिला वाव मिळावा तो त्यांच्या स्वतःच्या लाभासाठी तर हवाच, समाज समृद्ध व्हावा म्हणूनही हवा. उपचार आणि कला यांच्यातली रेघ त्या एका वाक्यात आहे.

मला या प्रकरणातून जे घ्यावंसं वाटलं ते असं, की संमती हा सहीचा क्षण नसतो. रोज पगारावर येणारा, महिनोनमहिने त्याच गोष्टीभोवती बोलणारा, न पटलेलं तोंडावर सांगणारा आणि सांगितल्यावर ते संहितेत जाताना बघणारा नट जे हो म्हणतो त्याला वजन येतं. स्नेहसंमेलनाच्या आठ दिवस आधी ‘तू राक्षस हो’ म्हटल्यावर मिळालेल्या होकाराला ते नसतं. विषय सौम्य ठेवून माणूस सुरक्षित होतो, ही माझी जुनी समजूत या अभ्यासात गेली. सुरक्षितता येते ती वेळातून, नकार देता येण्यातून आणि भूमिका नीट उतरवण्यातून.

आमच्या खोलीत

हे वाचून झाल्यावर मी आमच्या कार्यशाळेतल्या गटात एक साधा खेळ घेतला. एक खुर्ची, तिच्यावर टोपी. टोपी घालून खुर्चीत बसेल तो साहेब, आणि साहेबासमोर मी. गटातल्या एका गृहस्थांनी हात वर केला. वय अडतीस, कागदी पिशव्यांना नाड्या लावतात, दिवसाला पन्नासच्या वर लावतात. आधीच्या सगळ्या संमेलनांत ते झाड किंवा सूर्य झालेले. टोपी घातली, पाय पसरले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘हात दाखव. धुतले? परत धू. डबा संपवला? घरी फोन करू? करू फोन?’

खोली शांत झाली. एकामागून एक सगळी वाक्यं आमचीच होती. सुरात, थांब्यांत, बोट नाचवण्यात कुठेही चूक नव्हती. मी हात पुढे केले तेव्हा माझे हात खरंच थरथरत होते. मग आम्ही टोपी काढली, त्यांनी आपलं नाव तीनदा मोठ्याने घेतलं, पाणी प्यायले. भूमिका उतरवायचा आमचा हा रिवाज. त्यांना बरं वाटलं की नाही ते मी सांगू शकणार नाही. हसत होते एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी तिथल्या व्यवस्थापनाकडून निरोप आला, की मुलांना असं उलट बोलायला शिकवू नका. त्या माणसांबद्दल माझ्या मनात राग नाही. तुटपुंज्या मानधनावर, अपुऱ्या माणसांत ती दिवस काढतात. पण शिकवलं कुणी होतं?

जिलाँगच्या कंपनीचं पुढे काय झालं तेही सांगून टाकते. हे नाटक न्यूयॉर्क, एडिंबरा असं पुष्कळ फिरलं. २०२२ साली नॉर्वेचा आंतरराष्ट्रीय इब्सेन पुरस्कार कंपनीला मिळाला आणि २०२४ साली व्हेनिसच्या नाट्य बिएनालेत जीवनगौरवाचा सुवर्णसिंह. मला त्याहून बोलकी वाटते ती त्यांच्या २०१९ च्या ‘द शॅडो हूज प्रे द हंटर बिकम्स’ या नाटकातली रचना. तिथे रंगमंचावर दिग्दर्शक नाही. कुणी डेव्हिड नाही. कंपनीचे नट स्वतः एक जाहीर सभा बोलावतात, तीच चालवतात, त्यांचं बोलणं मागच्या पडद्यावर अक्षरांत उमटत जातं आणि त्या अक्षरांवरही ते हरकत घेतात. सभेचा विषय असा, की कृत्रिम बुद्धिमत्ता माणसांच्या पुढे गेली की सगळीच माणसं बौद्धिक दिव्यांग ठरतील, तेव्हा तुम्ही काय कराल? हा प्रश्न प्रेक्षकांना आहे. आठ वर्षांपूर्वी टेबलापाशी बसलेले स्कॉट आणि सायमन आता तो विचारतात.

आम्ही साहेबाचा तो खेळ वाढवून दहा मिनिटांचं नाटक केलं. प्रत्येक तालमीला तीन कार्डं टेबलावर ठेवायचो, ‘हो’, ‘नको’ आणि ‘नंतर’. ज्याला जे वाटेल ते त्याने उचलायचं, कारण विचारायचं नाही, असं ठरलेलं. संमेलनाला दोन दिवस राहिले असताना त्या गृहस्थांनी ‘नको’ उचललं. माझ्या पोटात गोळा आला. विश्वस्तांनी पत्रिका छापल्या होत्या, दुसऱ्या कुणाला भूमिका येत नव्हती. संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाऊन समजावणार होते, चप्पल पायात घातलीही होती. गेले नाही.

प्रयोगात खुर्ची तशीच ठेवली, टोपी तिच्यावर. बाकीच्यांनी रिकाम्या खुर्चीसमोर हात पुढे करून नाटक पार पाडलं. ते पहिल्या रांगेत बसले होते, वडिलांच्या शेजारी. त्यांच्या एंट्रीची वेळ आली तेव्हा त्यांनी वडिलांना कोपराने ढोसलं आणि म्हणाले, ‘आता माझं होतं.’